सतरा आणि चौतीस

कोरोनाचे दिवस होते. बसवकल्याणच्या घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि माझे वडील, अप्पा. आम्हा दोघांना ताप आला म्हणून नाकाघशातला नमुना दिला. अप्पांना काही त्रास नव्हता, म्हणून त्यांचा दिला नाही. त्यांचं वय ऐंशी, त्यात दमा.

आम्ही दोघंही पॉझिटिव्ह निघालो. कागदावर पुढे ‘सीटी’ म्हणून एक आकडा होता. माझा सतरा, बायकोचा चौतीस. मधुमेहाच्या तपासणीचे कागद मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. तिथे आकडा मोठा तेवढं दुखणं मोठं. इथेही तसंच असणार असं मी धरलं आणि कुणाला विचारलं नाही.

"म्हंजे मला तुमच्या दुप्पट झालाय?" बायको घाबरली. मग म्हणाली, "जलमभर हिशेबात तुम्हीच पुढं व्हता. एकदाच मी जास्त मार्क घेतले, ते ह्याच्यात."

डॉक्टरांनी दोघांनाही अप्पांपासून लांब राहायला सांगितलं होतं. पण अप्पा गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाणीही पीत नाहीत. त्यांचा हात थरथरतो, म्हणून रोज बायको समोर बसून खालून आधार देते. शेजारचे लोक दूध दारात ठेवून परत जात. आत कोण येणार? तेव्हा ज्याचा आकडा कमी त्यानं जायचं, असं मी ठरवलं. बायकोला मागच्या खोलीत ठेवलं आणि दोन सकाळी मी अप्पांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मास्क खाली ओढून मोठ्यानं ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅबला फोन केला. तपासणी करणारी मुलगी बोलली. मी विचारलं, "बायकोचा आकडा चौतीसवरून सतरावर यायला किती दिवस लागतील?"

"खाली कामून यावा, अण्णा? वाढू द्या की!"

मला कळेना. तिनं समजावून सांगितलं. नमुन्यातल्या विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराची, आधी डीएनएमध्ये नक्कल करतात. मग मशीन तो गरम करतं, थंड करतं. अशा एकेका फेरीत नकला साधारण दुप्पट होतात. सोबत रंग घातलेला असतो. नकला वाढतात तशी त्याची चमक वाढते आणि मशीन प्रत्येक फेरीला ती मोजतं. ज्या फेरीत चमक ठरलेली रेघ ओलांडते, तो आकडा कागदावर येतो.

"सुरवातीलाच माल जास्त असला तर लवकर दिसतो. बाईंना चौतीस फेऱ्या लागल्या. तुमचा सतरातच दिसला."

"म्हणजे माझ्यात जास्त?"

"व्हय. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. नमुना कसा घेतला त्यानंबी फरक पडतो."

फोन ठेवला आणि कागदावर एकाची दुप्पट करत गेलो. चौतीसमधून सतरा गेले, म्हणून सतरा वेळा. एक लाख एकतीस हजार बहात्तर. तिच्या म्हणण्याप्रमाणे हा ढोबळ हिशेब होता, पण निम्मा धरला तरी बायकोच्या पासष्ट हजार पट विषाणू माझ्यात होता. बायकोला बाजूला काढून मी स्वतः अप्पांच्या तोंडासमोर मंत्र म्हटला होता.

तिसऱ्या सकाळी मी अंगणात उभा राहिलो आणि खिडकीतून ओरडून सांगितलं, "अप्पा, आजपासून आम्ही दोघंबी जवळ येणार न्हाई!"

"हातातून लिंग पडलं तर?"

मग त्यांनीच मांडीवर डबा उपडा ठेवला, त्यावर मनगट टेकवलं आणि पूजा सुरू केली. मी खिडकीतून त्यांचा हात बघत नव्हतो. छाती बघत होतो. मिनिटाला श्वास किती, ते मोजत होतो. अठरा. पुन्हा मोजले, वीस. दिवसभर तेच.

डॉक्टरांनी सांगितलं तसा पाचव्या दिवशी अप्पांचा नमुना दिला. कागद मोबाइलवर आला तेव्हा मला तो उघडवेना. बायकोनं मागच्या खोलीतून हाक मारली, "उघडा की! काय बघत बसायलाव?"

निगेटिव्ह. पण सीटीची जागा रिकामी होती. या वेळी मी काहीच धरून चाललो नाही. लॅबला फोन लावला.

"रिकामी म्हणजे काय?"

"चाळीस फेऱ्या झाल्या, अण्णा. चमक आलीच न्हाई."

मी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.