तोमिएबाईंचं माफीपत्र

तोमिए हाताकेयामा पडल्या ही बातमी गल्लीत मीच पोचवली, तेही त्यांचं प्लॅस्टर वाळायच्या आत. शेजारीण म्हणून तेवढं करावंच लागतं.

पडल्या बंदरावरच्या कारखान्यात. तिथे माशांच्या वड्या वाफवतात, त्या भट्टीपाशी पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. बाई कण्हत होत्या, तेवढ्यात भट्टीवरच्या नुकागासाहेबांनी दवाखान्याचा कागद स्वतःच भरून टाकला : 'घरच्या पायरीवरून पडल्या.' कामावर पडल्याचं कामगार कचेरीला कळवलं की चौकशी येणार, आणि फाटकावरच्या पाटीवरचे 'अपघाताविना ९१२ दिवस' पुसावे लागणार. हजार भरले की सगळ्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहल! तोमिएबाईंना मात्र तीन महिने बिनपगारी, औषधपाणी पदरचं.

तिसऱ्या दिवशी साहेब नाशपतीची पेटी घेऊन दारात हजर. मी कुंपणापाशी पाणी घालत होते. एकाच झाडाला, अर्धा तास.

"हाताकेयामाबाई, एक माफीपत्र हवं होतं. सगळ्यांना त्रास झाला ना."

"मी तर घरच्या पायरीवरून पडले. कारखान्याची माफी कशाला?"

"ते बाहेरच्यांसाठी हो. हे आपलं आतलं. 'माझं लक्ष नव्हतं', एवढं लिहा की झालं."

"हात मोडलाय."

"डाव्या हाताने लिहा. सावकाश."

साहेब वळले तशी मी कुंपणावरून विचारलं, "काय ताई, लिहिणार?"

"लिहिणार तर! अगदी मनापासून."

चार दिवस लागले. अक्षर बघवत नव्हतं, पण मजकूर मला पाठ आहे. कागद हलू नये म्हणून मीच धरून बसले होते.

'माझ्यामुळे सर्वांना त्रास झाला, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. भट्टीजवळची मोरी मार्चपासून तुंबली आहे हे ठाऊक असूनही मी त्या पाण्यातून चालले, कारण दुसरी वाट नाही, याची क्षमा असावी. मोरीबद्दल नुकागासाहेबांना तीनदाच सांगितले, चौथ्यांदा सांगण्यात कसूर केली. बुटांचे तळ झिजले म्हणून नवे मागितले आणि साहेबांना संकोचात टाकले. चार ऑक्टोबरला सकाळी सव्वादहा वाजता त्याच पाण्यात पडून मनगट मोडून घेतले आणि भट्टीचे काम वीस मिनिटे थांबवले.'

आमच्याकडच्या साहेबलोकांना पहिल्या ओळीत क्षमा दिसली की पुढे वाचणं त्यांना असभ्य वाटतं. नुकागांनी सहीच्या जागी आपला नावाचा लाल शिक्का उमटवला, त्यांच्या वरच्याने उमटवला, कारखानाप्रमुखांनीही उमटवला.

"एक प्रत मला द्या," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "रोज वाचून लाज वाटून घेईन."

ती प्रत घेऊन बाई थेट कामगार कचेरीत. सोबत मी. पर्स धरायला कुणीतरी नको?

खिडकीतला कारकून म्हणाला, "अर्जावर मालकाची सही नाही. तरी अर्ज घेतो आम्ही, पण कामावरच पडलात याला काही आधार?"

"सही नाही बाई माझ्याकडे. शिक्के आहेत. तीन पुरतील?"

त्याने कागद वाचला. परत वाचला. मग उठून आतून मोठ्या साहेबांना घेऊन आला.

पुढच्याच आठवड्यात दोन निरीक्षकांनी मोरीचं झाकण उचललं. संध्याकाळी नुकागा दारात, या वेळी बिनपेटीचे.

"बाई, ते माफीपत्र मागे घ्या ना."

"अहो, असं कसं? माफी मागून मागे घेतली तर माझ्या संस्कारांना लोक काय म्हणतील?"

अर्ज मंजूर झाला. उपचाराचा खर्च मिळाला, बुडालेल्या पगारातलाही बराचसा हाती आला. सहल बुडाली म्हणून पॅकिंगमधल्या बायकांनी बोलणं टाकलं. मी म्हटलं, "ताई, एक पेटी मिठाई वाटून टाका."

"कशाबद्दल? त्यांच्या पायाखालचं कोरडं झालं त्याबद्दल?"

गेल्या रविवारी त्या बायकांतलीच एक, सुगावारा, मागच्या दाराने आली. गेल्या हिवाळ्यात तीही 'घरीच' पडली होती. गुडघा अजून वळत नाही. दारात उभी राहून चपलेशी चाळा करू लागली.

तोमिएबाईंनी तिच्यापुढे उशी सरकवली. "बस. कुठे पडलीस आणि किती वाजता, ते आधी सांग."