आधी बोलणं का आधी सुरमई

सन दोन हजार तेवीस. मला त्र्याहत्तर सरून चौऱ्याहत्तरावं लागलेलं. नात लातूरला दवाखान्यात नर्स, आन तिला मागणी आली ती थेट समुद्रकाठाहून. पोरगा बँकेत, लातूरला बदलून आलेला. दोघांनी आपसात ठरवलं आन मग आम्हाला विचारलं, ही आजकालची पद्धत. म्हणलं, ठीक हाय, घर बघून येऊ. पोराला बँकेतून रजा मिळाली न्हाई. मी, माझा लेक आन नात, अहमदपूरहून रातभर जीप हाणत सकाळी तिथं पोचलो.

आमच्यात रीत हाय. सोयरीक ठरल्याबिगर पोराच्या घरचं अन्न तोंडात घालायचं न्हाई. चहा चालतो. जेवलात म्हंजे होकार दिला, मग काही विचारायला तोंड राहत न्हाई. आन मला एकच गोष्ट विचारायची होती. लग्नानंतर पोरीची नोकरी राहणार का न्हाई? मी तिसरीतून गुरं राखायला गेलेला माणूस. तिच्या नोकरीचा कागद मी पारावर चार माणसांत वाचून घेतलेला हाय.

चहा झाला. पोराच्या बापानं लगेच ताटं मांडली. तळलेल्या सुरमईचा वास साऱ्या ओसरीत.

म्हणलं, "आधी बोलणं करू."

"आधी पोटोबा, आजोबा! मग विठोबा."

"न्हाई. आधी बोलणं. पोरीची नोकरी..."

"बरं, मग आधी फिरून येऊ. भूक लागेल," म्हणला आन उठलाच.

गडी हसून बोलायचा, पण सरळ उत्तर देईल तर शपथ. दीपगृहाच्या पायऱ्या चढायला लावल्या. वर दम खात मी विचारलं, नोकरीचं काय? तर म्हणं, "ती बघा आमची होडी, निळ्या झेंड्याची." किल्ल्यावर विचारलं, तर तोफ दाखवली. धक्क्यावर विचारलं, तर बर्फातले बांगडे, पापलेटं दाखवली. एवढं पाणी मी जल्मात पाहिलं न्हवतं, पण त्या दिवशी मला ते पाणीबी त्याच्या बाजूचं वाटून राहिलं होतं.

पोटात कावळे ओरडून राहिले होते. पिशवीत घरची ज्वारीची भाकरी आन शेंगदाण्याची चटणी होती. पण दुसऱ्याच्या दारी येऊन आपली शिदोरी सोडणं म्हंजे त्याच्या तोंडावर थुंकणं. तेबी जमंना.

दुपारी त्यानं वाळूवरच्या एका खानावळीत नेलं. ताट आलं. तळलेला तुकडा, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, तांदळाची भाकरी. लेक कानाशी लागला. "आबा, हे हाटेल हाय. ह्यांच्या घरचं अन्न न्हाई. पैसे आपण देऊ, खाऊन घ्या."

हे मला पटलं. भाकरी मोडली. इतक्यात खानावळवाला हात पुसत आला आन म्हणला, "पैसे कसले देताय? ह्याचा सख्खा चुलतभाऊ मी. घरचंच समजा!"

मी भाकरी खाली ठेवली.

नात कडाडली. "आबा, तुम्ही माझं लग्न जुळवायला आलात का मोडायला?"

"तुझ्यासाठीच उपाशी हाय, गपगार जेव तू."

"मी कशी जेवू? तुमचीच रीत की!" तिनं मान फिरवली. आमच्या लेकाचं उलटंच. म्हणला, "माझा होकार हाय," आन तिसऱ्या फोडत बसला. शिंपलेच जास्त, त्यात माल किती हे देवाला ठाऊक.

दिवस मावळता घरी परतलो. परत तीच ताटं. परत मी म्हणलं, आधी बोलणं. तेवढ्यात आतून पोराची आजी आली. माझ्याच वयाची, काटक, कपाळाला घाम.

"सकाळपासून चूल विझू दिली नाय मी," ती म्हणली. "पाहुणा उपाशी असला की आमच्यात घरची म्हातारी जेवत नाय. मीपण कोरडीच आहे. काय अडलंय ते मला सांगा."

"तुमच्या लेकाला दिवसभर विचारून राहिलो की!"

"तो काय सांगणार? पुरुष निम्मं वर्ष दर्यात. घरातलं हो-नाय मी सांगते. मला विचारायची हिंमत नाय, म्हणून दीपगृह दाखवत फिरला."

पोराचा बाप ताटं सरळ करायला लागला.

"मग सकाळीच सांगायचं होतं!" माझा पारा चढला.

"विचारायचं होतंत. मी काय लपून बसलेली? चुलीपाशीच होते."

परक्या घरी जाऊन कुणी बायामाणसाला सोयरिकीचं विचारतं का? आमच्याकडं न्हाई विचारत. विचारलं शेवटी.

"नोकरी राहील," ती म्हणली. "उद्या पोराची बदली इथं झाली तरी राहील, इथल्या दवाखान्यात सुई टोचायला माणूस मिळत नाय. घरात बसली तर मीच हाकलीन तिला."

"शब्द?"

"शब्द. आता बसता का मी चक्कर येऊन पडू?"

बसलो. नात माझ्या शेजारी, म्हातारी समोर. पहिल्याच घासाला काटा लागला, तो काढून ताटाच्या कडेला ठेवला. सुरमई बरी होती. आमच्या तळ्यातल्या मरळीची सर न्हाई, हे मात्र तिथंच सांगितलं. म्हातारीनं अजून एक तुकडा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी पिशवीतली शिदोरी सोडली. भाकरी कडक झालेली. चुलीपाशी जाऊन रातचं कालवण मागून घेतलं, त्यात भाकरी कुस्करली, आन निम्मी म्हातारीच्या ताटलीत घातली.