न विचारता पाहिलेलं

“कुलूप नाय ताई, नुसती कडी आसा,” असं ती म्हणाली की मी समजायचे, आज पुन्हा कुणाची तरी वेबसाइट हिने उघडली. डिचोलीच्या आमच्या लहानशा कॉम्प्युटर ऑफिसात ती माझ्या शेजारी बसायची. पाय सतत हलत, चहा अर्धाच राही. बंद दार दिसलं की ढकलून बघणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. तिचं तसंच होतं, फक्त दारं कॉम्प्युटरमधली.

घ्यायची मात्र काही नाही. चूक सापडली की त्या वेबसाइटच्या मालकाला फोन करायची आणि बोलणी खायची.

“पण तुला बघायला सांगितलं कोणी?” मी विचारायचे.

“कोणी सांगायची वाट बघितली तर चोर आधी पोचता.”

एकदा म्हापशातल्या एका लॅबची वेबसाइट तिने अशीच चाचपली. फोन नंबर घातला की कुणाचाही रिपोर्ट दिसत होता. लॅबमध्ये कधी न गेलेल्याचा नंबर घातला तर काय होतं ते बघायला तिने पार्से गावातल्या आपल्या आईचा नंबर घातला. आई म्हापशाला जाते ती बाजाराला, एवढंच तिला ठाऊक होतं. रिपोर्ट निघाला. आईच्या छातीत गाठ होती, आणि ती साधी नव्हती.

तिने लॅबला कळवलं. त्यांनी पोलिसांची धमकी दिली आणि वेबसाइट बंद केली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. उठायची, खिडकीपाशी जायची, परत बसायची.

“आईक काय सांगू? माका कसं कळलं म्हणू?”

“लॅबमधून फोन आला म्हण.”

“नको. तिच्याकडे वर आणि खोटं नको.”

घरी जाऊन तिने खरं ते सांगितलं. नारळ सोलणारी आई थांबली. “तुझं लगीन झाल्यावर सांगणार होतंय. माझ्या आंगातला तू माका न विचारता कित्याक बघितलंस?”

कितीतरी दिवस आई तिच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी स्वतःच साडी बदलून म्हणाली, “चल, डॉक्टरकडे.”

आईसाठी नोकरी तिने सोडली. मला ती शेवटची दिसली म्हापशाच्या बसस्टँडवर, शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत. आई बाकावर, डोक्याला स्कार्फ, मांडीवर फाईल. ती समोर उभी होती.

“आई, नवो रिपोर्ट बघू?”

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग थोडी सरकून तिला बसायला जागा केली, आणि फाईल स्वतः उघडली.