बंद केलेला पंप

नव्वदच्या दशकात शारजातल्या एका साइटवर मी शटरिंगचा सुतार होतो. त्या सकाळी तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये पंपाने काँक्रीट ओतत होते. खाली स्लॅबच्या साच्याला आधार देणाऱ्या लोखंडी टेकूंवर नजर ठेवायला आम्ही दोघंच होतो, मी आणि आमच्या रत्नागिरीकडच्या गावचे एक काका.

अर्धा स्लॅब भरला आणि कोपऱ्यात कट्‌कन आवाज झाला. एक टेकू बोटभर कलला होता, शेजारचाही सरकत होता. काका तिथेच पाचर ठोकायला बसले. मी धावत वर गेलो.

"साब, नीचे सपोर्ट हिल रहा है. पंप बंद करो."

इंजिनिअरने वळूनही पाहिलं नाही. "काँक्रीट सूख जाएगा. यल्ला, काम करो! नहीं तो कॅन्सल कर दूंगा."

कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द आणि थेट घर. पण खाली काका होते. पंपावरच्या पठाणाला बाजूला सारून मीच बटण दाबलं. आवाज थांबला. इंजिनिअरने माझी कॉलर धरली.

तेवढ्यात आमचा फोरमन आला. साठीचा, आयर्लंडचा माणूस. त्याने कुणालाच काही विचारलं नाही, सरळ खाली उतरला. लगेच काकांना दंडाला धरून बाहेर घेऊन आला आणि तिथूनच वर ओरडला.

"सब नीचे. बाहर! खलास!"

आम्ही रस्त्यापलीकडे पोचलो असू-नसू, तो कोपरा ओल्या काँक्रीटसकट खाली आला. धूळ बसेपर्यंत मुकादम पुन्हापुन्हा माणसं मोजत होता. सगळे होते.

जेवणाच्या सुट्टीत फोरमन आमच्याजवळ येऊन बसला. तोडक्यामोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी सांगू लागला. तरुणपणी तो इंग्लंडला खोदकामाला गेला होता. चराच्या कडांना आधार दिलेल्या फळ्या करकरत होत्या. तिथला मुकादम म्हणाला, नको असेल तर घरी जा, आयर्लंडहून येणाऱ्या बोटीवर तुझ्यासारखे ढीगभर आहेत. खाली चरात फोरमनचा चुलतभाऊ होता.

"मैं चुप रहा," तो म्हणाला. डबा न उघडताच उठला.

पंप बंद केल्याबद्दल आठवड्याभरात माझी बदली लांबच्या खोर फक्कानच्या साइटवर झाली. फोरमन ऑफिसात भांडला, पण उपयोग झाला नाही. निघताना काकांनी माझी बॅग स्वतः गाडीत चढवली.

"तिकडे जपून राहा," म्हणाले, आणि गाडी सुटली तरी दाराची मूठ सोडेनात.