अंगठ्याखालचा त्रिकोण

सदर विद्यार्थिनी: वय त्रेचाळीस, रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात मदतनीस. कामाचे स्वरूप: रुग्णास टेबलावर चढवणे, 'श्वास रोखा' म्हणणे व बटण दाबण्यासाठी दुसऱ्यास बोलावणे. शालान्त परीक्षा: बाहेरून, गणित वगळून. गणिताची पार्श्वभूमी: कमकुवत. वर्तणूक: समाधानकारक.

बटण स्वतः दाबायचं तर तंत्रज्ञ व्हायला हवं, आणि त्यासाठी संध्याकाळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र पास व्हायला हवं. विभागात तंत्रज्ञाची जागा रिकामी होती; निकालापर्यंत ती तिच्यासाठी धरून ठेवली होती. पहिल्या तासाला सर म्हणाले, "गणिताचा बाऊ करू नका," आणि पाठ फिरवून फळा समीकरणांनी भरून टाकला.

ताई तडक धाकट्या भावाकडे गेली. भाऊ इंजिनियर. त्याने चहा निवायच्या आत तिला त्रिकोण काढून दिला: वर बल, खाली वस्तुमान आणि त्वरण. जे काढायचं त्यावर अंगठा ठेवायचा. उरलेली दोन शेजारी असली तर गुणाकार, वरखाली असली तर भागाकार.

"एवढंच?"

"एवढंच, ताई. बाकी सगळं यातच बसतं."

ताईने बसवलं. वेग बसला, दाब बसला, वीजसुद्धा बसली. प्रत्येक वेळी ती भावाला फोन करायची, "बसलं रे!" तो म्हणायचा, "म्हटलं नव्हतं?"

परीक्षेत एक गाडी आली. आधीच धावत होती, वर वेगही वाढवत होती. अंतर विचारलं होतं. अंतर, सुरुवातीचा वेग, त्वरण, वेळ. त्रिकोणाला कोपरे तीनच. ताईने आधी त्वरण बाहेर उभं केलं, मग त्याला आत घेऊन वेळेला बाहेर काढलं. पुढच्या प्रश्नांतही कुणी ना कुणी दाराबाहेर राहिलंच.

ती नापास झाली. जागा दुसऱ्याला गेली.

"अगं, त्रिकोण म्हणजे नुसती सुरुवात," भाऊ हसत म्हणाला.

"मग पुढचं कधी सांगणार होतास?"

भाऊ मोबाईलमध्ये शिरला. वहिनीला वाटलं, वातावरण हलकं करावं. "मनावर घेऊ नका हो, ताई. हे तर तेव्हाच म्हणाले होते, पंधरा दिवसांत कंटाळेल, कशाला डोकेफोड करू?"

ताईने कप विसळून पालथा घातला आणि चपला घातल्या.

गणिताची पार्श्वभूमी कमकुवत, ही नोंद बरोबर आहे. भाऊ सातवीत असताना आई अंथरुणाला खिळली, तेव्हा घर सांभाळायला शाळा ताईने सोडली होती.