गिरणीच्या तलावात उतरणारा धर्मा

शिवडीच्या कोळीवाड्यातला धर्मा परळच्या एका गिरणीत लागला तो बुडी मारता येते म्हणून. आदल्या पावसाळ्यात त्याची होडी खडकावर फुटली होती, दुसरी बांधायची ऐपत नव्हती, आणि गिरणीला पाण्यात उतरणारा माणूस हवा होता.

गिरणीच्या मागं दगडी बांधाचा तलाव होता. सगळी यंत्रं एका मोठ्या वाफेच्या इंजिनावर चालत. काम करून आलेली वाफ थंड करायला गार पाणी लागे. ते तलावातून एका जाड नळानं इंजिनच ओढून घेई आणि गरम झालं की पलीकडच्या टोकाला सोडून देई. नळाचं तोंड तळाशी, दोन पुरुष खोल होतं. त्यावर लोखंडी जाळी. शेवाळ, पाला, कापसाचे पुंजके, मेलेले मासे जाळीवर बसले की पाणी कमी येई, वाफ नीट थंड होत नसे आणि इंजिन दमल्यासारखं चाले. वर चात्या मंदावत, सूत तुटू लागे. मग धर्माला हाक येई.

दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत इंजिन थांबलं की तो उतरायचा. इंजिनवाला दौलत तेवढा वेळ बांधावर बसून विडी ओढायचा. हा घाटावरचा गडी, पाण्याला भिणारा.

"आत दिसतं तरी काय रे तुला?" दौलत विचारी.

"काय नाय. हातानं बगतो."

१८९३ चा चैत्र फार कडक गेला. तलाव निम्मा आटला, पाणी कोमट झालं आणि शेवाळ असं माजलं की दुपारी साफ केलेली जाळी तीन वाजता पुन्हा तुंबायची. अशाच एका दुपारी गिरणीच्या मोठ्या साहेबाच्या हाताखालचे इंजिनिअर रघुवीरराव बांधावर आले. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले, शिकलेले, आवाज न चढवणारे.

"धर्मा, आत्ताच उतरावं लागेल."

"इंजिन चालू हाय, साहेब."

"थांबवायची परवानगी नाही. सकाळी एकदा थांबलं तेवढ्यावरून वर बोलणी खाल्ली मी. मध्ये जाळी आहे ना? काय होणार आहे?"

धर्मालाही तसंच वाटलं. तो उतरला.

तळाशी पाण्याची ओढ होती, पण खाडीत ओहोटीला याहून जास्त असते. त्यानं शेवाळाचा मोठा गोळा उपटला. त्यामागं जाळी नव्हतीच. गंजून खिळखिळी झालेली ती दुपारच्या सफाईनंतर केव्हातरी गळून पडली होती. उजवा हात खांद्यापर्यंत नळात गेला आणि गाल लोखंडाच्या कडेला चिकटला. त्यानं दोन्ही पाय दगडाला लावून एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. हात हलला नाही. तेव्हा त्यानं जोर करणं सोडून दिलं. धडपडीनं श्वास लवकर संपतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटले आणि निश्चल राहिला. नंतर लोकांनी विचारलं, तेव्हा कोण आठवलं? कुणीच आठवलं नाही, असं त्यानं खरं खरं सांगितलं.

इंजिनघरात दौलत पाण्याचा जोर दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होता. जाळी साफ होऊ लागली की तो काटा वर चढतो. आज तो पडत होता, भराभर पडत होता. म्हणजे नळाचं तोंड कशानं तरी बंद झालं होतं. दौलतनं कुणाला विचारलं नाही. त्यानं वाफ बंद केली, नळाच्या पाण्याची चावी दांड्यानं फिरवून बंद केली आणि बांधाकडे धावला. मागं मोठं चाक घरघरत थांबलं. सगळ्या खात्यांतला आवाज एकाएकी बसला, आणि तळाशी धर्माचा हात मोकळा झाला.

तो वर आला तेव्हा रघुवीरराव बूट न काढताच कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी आणि दौलतनं मिळून त्याला बाहेर ओढलं. कोपरापासून खाली कातडी सोलली होती. करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं झालं होतं.

न विचारता इंजिन थांबवलं म्हणून संध्याकाळी दौलतला मोठ्या साहेबासमोर उभं केलं. "मीच थांबवायला सांगितलं," असं रघुवीरराव म्हणाले. ते खोटं होतं. दौलत त्यावर सुटला.

धर्मा महिनाभर घरी पडून होता. त्याची बायको मंजुळा सकाळी मासळी विकून यायची आणि हाताला हळद-तेल लावायची. "आता मिलीत जाव नको," ती म्हणायची. तो हूं म्हणायचा. पण गिरणीतून दोनदा बोलावणं आलं. वरून बांबूनं ढोसून तळ साफ होत नव्हता. तिसऱ्या वेळी तो गेला. नवी जाळी काठावर आणून ठेवली होती.

"साहेब, त्या चावीचा दांडा मना द्या," तो रघुवीररावांना म्हणाला. "कमरंला बांदून उतरीन. वर आलो का देतो."

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही तुझा?"

"दौलतवर हाय. पन दौलत जेवाया जातो, दुसरा कोन येतो. दांडा माज्यापाशी असला म्हंजे कोन बी येवो, चावी उघडायची नाय."

रघुवीरराव आत गेले, त्यांनी इंजिन थांबवायला लावलं, चावी बंद केली आणि दांडा स्वतः काढून आणला. तो चांगला वजनदार होता. धर्माला त्याच्या वजनानं तळ लवकर गाठता आला.

पुढं चार वर्षं हीच पद्धत चालली. मोठा साहेब कुरकुरला, पण इंजिन पूर्वीपेक्षा बरं चाले, म्हणून त्यानं नाद सोडला. धर्माची ती दोन बोटं मात्र वळली नाहीत. मासळीच्या जाळ्याच्या गाठी त्याला मारता येईनात, त्या मंजुळा मारू लागली. प्लेगच्या धास्तीनं गिरणी रिकामी झाली तेव्हा तो कोळीवाड्यात परतला आणि भावाच्या होडीवर सुकाणू धरू लागला.

गिरणी पुन्हा भरल्यावर रघुवीररावांनी दगडू नावाचा चाळिशीचा एक माणूस त्याच्याकडे काम समजून घ्यायला पाठवला. दोघं बंदराच्या कडेला बसले. धर्मानं त्याला जाळी, चावी, दांडा सगळं सांगितलं. मग त्याचा हात धरून पालथा केला.

"तळवा पुढं करू नको. आदी हाताची पाठ लाव. ओढ हाय का नाय ते पाठीला कळतं, आन पाठ काय पकडाया जात नाय."

दगडूनं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाऊ लागला.