कडीतली पिन

कंधारच्या त्या हार्डवेअरवाल्याला काहीही मागा, तो "चालतंय की, अक्का" म्हणून भलतंच देतो. आमच्या शिडाच्या लहान होडीचं सुकाणू एका पिनेवर अडकलेलं असतं. मी स्टीलची मागते, हा लोखंडी काढतो आणि दुकानाच्या दाराच्या कडीतली पिन बाजूला करून तिथे घालून दाखवतो. "आमच्या कडीत बसली म्हंजे तुमच्या होडीत बसली!" बसते, पण पाण्यात गंजून तुटते. मी भिडस्त, गुमान घेऊन येते.

परवा मात्र तुटकी पिन त्याच्यासमोर ठेवली. "अप्पा, भर तळ्यात सुकाणू निसटलं. वारं लई होतं. मालक बुडता बुडता वाचले."

तो ताडकन उठला, कडीतली स्वतःची चकचकीत पिन उपसली आणि माझ्या हातावर ठेवली. "ही स्टीलची हाय. न्या."

इतके दिवस ती माझ्या डोळ्यांसमोरच होती!

पुढच्या खेपेला बघितलं, तर त्याच्या कडीत वाकडा खिळा.

"अप्पा, हार्डवेअरचं दुकान हाय ना हे?"

"चालतंय की, अक्का."

काय बोलावं या माणसाला! आता बाजारातून येताना दुकान बंद दिसलं, की मीच तो खिळा ओढून बघते, घट्ट बसलाय ना.